प्रकाशाच्या शोधातील रुग्ण : डॉ. नील्स फिन्सन

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधोमध, अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात, अठरा लहान बेटांचा एक पुंजका आहे. ही फेरो बेटे. झाडे जवळजवळ नाहीत, घरांच्या छपरांवर गवत वाढते, वारा अखंड वाहतो आणि आभाळ बहुतेक दिवस झाकोळलेले असते. हिवाळ्यात येथील दिवस पाच तासांचा होतो आणि त्या पाच तासांतही सूर्य दिसेलच असे नाही. उन्हाळ्यात मात्र रात्र नावापुरतीच उरते. वर्षातील सर्वांत लहान दिवस आठवड्यावर आला असताना, १५ डिसेंबर १८६० रोजी, या बेटांच्या टॉर्सहाव्हन या मुख्य गावी नील्स रायबर्ग फिन्सन यांचा जन्म झाला. पुढे प्रकाशाला औषधाचा दर्जा मिळवून देणारा मनुष्य अशा ठिकाणी जन्मावा, हा योगायोगच म्हणावयाचा. परंतु ज्याला ऊन मोजूनमापून मिळते त्यालाच त्याची किंमत कळते, हेही तितकेच खरे.

त्यांचे वडील हान्नेस फिन्सन हे मूळ आइसलंडच्या एका जुन्या घराण्यातील. डॅनिश सरकारचे अधिकारी म्हणून ते फेरो बेटांवर राहत होते. नील्स चार वर्षांचा असतानाच आई निवर्तली. वडिलांनी तिच्याच नात्यातील एका स्त्रीशी दुसरा विवाह केला आणि घर मुलाबाळांनी भरून गेले. नील्सचे बालपण समुद्रकाठच्या कोणत्याही मुलाचे असावे तसेच गेले. होडी वल्हवणे, कडेकपारी चढणे, पक्ष्यांच्या मागे हिंडणे यांत त्याचा जीव रमत असे. पुस्तकांत तो तसा रमला नाही.

१८७४ साली त्याला शिक्षणासाठी डेन्मार्कमधील हर्लुफ्सहोम येथील निवासी शाळेत पाठवण्यात आले. थोरला भाऊ तेथेच शिकत होता. हा काळ नील्सला जड गेला. शाळेच्या प्रमुखांनी त्याच्याविषयी असा अभिप्राय दिला, की मुलगा मनाने चांगला आहे, परंतु त्याची कुवत आणि उमेद दोन्ही बेताचीच आहेत. या अभिप्रायात आकस नसावा. शाळेला जे दिसत होते ते तिने लिहिले. जे दिसत नव्हते ते लिहिण्याचा रकाना कोणत्याच प्रगतिपुस्तकात नसतो. दोन वर्षांनी वडिलांनी त्याला तेथून काढून आइसलंडमधील रेक्याविक येथे, स्वतः जेथे शिकले होते त्या विद्यालयात घातले. लोकांच्या बोलण्यात फेरोई भाषा, शाळेत आणि कचेरीत डॅनिश, आता भोवती आइसलंडची भाषा, असा प्रवास या मुलाच्या वाट्याला आला. घराबाहेर पाऊल टाकताच भाषा बदलते, हा अनुभव असलेल्यांना त्याची अडचण निराळी सांगावयास नको. १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो विद्यालयाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला. वर्गात पंधरा विद्यार्थी होते. त्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता.

त्याच वर्षी तो कोपनहेगनला वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेला आणि तेथेच त्याच्या शरीराने त्याला पहिला दगा दिला. तो लवकर थकू लागला, अंगात रक्त कमी पडू लागले. पुढे पोटात पाणी साठू लागले. हृदय, यकृत आणि प्लीहा यांच्यावरील पातळ आवरणे हळूहळू जाड व कठीण होत जाण्याचा हा विकार होता. त्यावर तेव्हा उपाय नव्हता. ज्या मुलाने वादळी समुद्रात होड्या हाकल्या होत्या, त्याला ऐन पंचविशीत जिना चढणे कठीण होऊ लागले.

त्यांच्या शास्त्रीय जिज्ञासेचे मूळ या आजारात आहे. त्यांची राहती खोली उत्तरेकडे तोंड करून होती. तिच्यात ऊन येत नसे. आपल्या अशक्तपणाला ऊन मिळाले तर उतार पडेल, असे त्यांच्या मनाने घेतले. ते जमेल तेव्हा उन्हात जाऊन बसू लागले आणि तेथे आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत अंगणात पाठ शेकत बसलेल्या कोणत्याही आजोबांना हे ठाऊक असते. फिन्सन यांचे वेगळेपण असे, की बरे का वाटते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. रक्तावर परिणाम होतो की त्वचेवर? उष्णतेने होतो की प्रकाशाने? प्रकाशाने होत असेल तर त्यातील कोणत्या रंगाने? पुस्तकांत उत्तरे मिळेनात, तेव्हा ते भोवताली पाहू लागले.

एके दिवशी खिडकीतून त्यांना समोरच्या छपरावर उन्हात पहुडलेले एक मांजर दिसले. इमारतीची सावली सरकत सरकत त्याच्यापर्यंत आली, तसे ते उठले आणि पुन्हा उन्हात जाऊन पसरले. सावली पुन्हा आली, मांजर पुन्हा हलले. हा साधा प्रसंग फिन्सन यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. एका पुलावरून त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावरील किडे पाहिले. प्रवाहाबरोबर वाहत आलेले किडे पुलाच्या सावलीपाशी येताच उलटे फिरत आणि धारेविरुद्ध धडपडत उन्हात परत जात. पुढे त्यांनी रंगीत काचांच्या झाकणाखाली गांडुळे ठेवून पाहिली. ती निळ्या काचेखालून सरपटत निघून लाल काचेखाली गोळा होत. सॅलमँडर या बेडकाच्या जातकुळीतील प्राण्याचे अंड्यातील गर्भही प्रकाश पडताच वळवळत. लाल प्रकाशात ते स्वस्थ राहत, निळ्या-जांभळ्या प्रकाशात मात्र अस्वस्थ होत. म्हणजे प्रकाश हा जिवंत पेशींना केवळ उबवीत नाही, तो त्यांना डिवचतो; आणि हे डिवचण्याचे सामर्थ्य वर्णपटाच्या निळ्या टोकाकडे आहे, अशी त्यांची खात्री पटली.

१८९० साली त्यांनी वैद्यकीची पदवी मिळवली आणि विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात शवविच्छेदन साहाय्यकाची जागा पत्करली. १८९२च्या डिसेंबरात रीबे येथील बिशपची कन्या इंगेबॉर्ग बाल्सलेव्ह हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली. नवा संसार, जडलेला रोग आणि नियमित वेतन नाही. विद्यार्थ्यांच्या खासगी शिकवण्या घेऊन ते घर चालवीत. हा निर्णय आज वाचताना धाडसाचा वाटतो. कदाचित आपल्याजवळ वर्षे फार नाहीत, हे त्या तरुण वैद्याला इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत असावे.

त्या काळातील त्यांचा एक प्रयोग शाळेतील मुलालाही समजेल इतका साधा आहे. त्यांनी स्वतःच्या दंडापुढील हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढला आणि तो हात कडक उन्हात धरला. नंतर शाई धुतली. उघडी त्वचा लाल होऊन पुढे काळवंडली; पट्ट्याखालची त्वचा मात्र जशीच्या तशी गोरी राहिली. येथवर नवल काही नाही. मग त्यांनी तोच हात, आता शाईविना, पुन्हा उन्हात धरला. या खेपेस पूर्वी झाकलेला गोरा पट्टा लाल होऊन हुळहुळू लागला, आणि भोवतीच्या काळवंडलेल्या त्वचेवर तसा परिणाम झाला नाही. एकदा उन्हाचा मारा सोसलेल्या त्वचेने आपले संरक्षण उभारले होते. आज आपल्याला त्याचा तपशील माहीत आहे. प्रकाशाच्या माऱ्यानंतर त्वचेच्या वरच्या थरातील पेशींची विभागणी वेगाने होते, थर जाड होतो, आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी आपला गडद रंग शेजारच्या पेशींना पुरवतात. उन्हाने त्वचा भाजते ती उष्णतेमुळे नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांमुळे, हे स्टॉकहोमच्या विडमार्क यांनी १८८९ साली दाखवून दिले होते. फिन्सन यांनी त्यापुढची पायरी चढली. जो किरण पेशीला इजा करतो, तोच तिला वाढीस प्रवृत्त करतो, आणि दोहोंतील सीमा मात्रेची आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातावर वाचले.

१८९३ मध्ये त्यांनी त्वचेवरील प्रकाशाच्या परिणामांविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात देवीच्या रोग्यांना लाल प्रकाशात ठेवावे, अशी सूचना केली. विचार असा होता : देवीचे खोल व्रण चेहरा आणि हात या उघड्या भागांवर अधिक उठतात, त्यामागे निळे व अतिनील किरण असतील, तर खोलीच्या खिडक्यांना लाल काचा किंवा लाल पडदे लावून ते अडवावेत. छायाचित्रकार आपल्या काळोख्या खोलीत लाल दिवा वापरतो, तीच युक्ती. त्याच वर्षी नॉर्वेतील बर्गन येथील डॉक्टरांनी ती वापरली आणि निकाल आशादायक असल्याचे कळवले. फिन्सन यांचे नाव प्रथम झाले ते याच उपायाने. पुढील काळात मात्र अनेक ठिकाणी काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा हा उपाय टिकला नाही. देवीला उतार पडला तो लसीने, आणि १९८० साली तो रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. थोरांच्या चरित्रांत असे प्रसंग गाळण्याची प्रथा आहे; पण फिन्सन यांच्या बाबतीत तो गाळून चालणार नाही. प्रकाश अडवण्याचा विचार करता करताच ते प्रकाश वापरण्याच्या विचाराकडे वळले.

त्या काळी युरोपात ल्युपस व्हल्गॅरिस नावाचा रोग घरोघरी धास्तीचा विषय होता. ल्युपस म्हणजे लांडगा. हा त्वचेचा क्षय. बहुधा बालपणीच नाकावर किंवा गालावर एखादी तांबूस गाठ उठे, आणि मग वर्षानुवर्षे रोग मांस पोखरीत राही. नाकाची पाळी झडे, ओठ वाकडे होत, पापण्या ओढल्या जात. रोगी त्याने लगेच मरत नसे, हेच त्याचे मोठे दुःख होते. त्याला काम मिळत नसे, लग्न ठरत नसे, रस्त्यात लोक तोंड फिरवीत. कित्येक स्त्रिया जाड बुरख्याआड आयुष्य काढीत. डॉक्टर तो भाग खरवडीत, कापीत, तापल्या लोखंडाने किंवा तेजाबाने जाळीत, आणि काही महिन्यांनी व्रणाच्या कडेने तो पुन्हा उगवे.

१८७७ साली डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात, हे सिद्ध केले होते. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधून काढला होता. ही दोन ज्ञाने एकमेकांशेजारी पडून होती. फिन्सन यांनी ती जोडली. रोग त्वचेत आहे, म्हणजे प्रकाश तेथवर पोहोचू शकेल. मग उन्हात हिंडणारे रोगी आपोआप बरे का होत नाहीत? कारण साधे ऊन विरळ असते आणि ते आत फारसे शिरत नाही. ते भिंगाने एकवटावे, तर कातडी जळते. म्हणून उष्णता वगळून केवळ निळा-जांभळा प्रकाश एकवटला पाहिजे. यासाठी त्यांनी एक पोकळ भिंग करवून घेतले आणि त्यात मोरचूद व अमोनिया यांचे गडद निळे द्रावण भरले. ते द्रावण उष्णता आणि तांबडा-पिवळा प्रकाश शोषून घेई आणि निळा पुढे जाऊ देई.

तरीही एक अडथळा उरला होता, आणि तो ओळखण्यात फिन्सन यांच्या बुद्धीची खरी झलक दिसते. त्यांनी माणसाच्या कानाच्या पाळीमागे छायाचित्रणाचा संवेदनशील कागद ठेवला आणि पुढून निळा प्रकाश टाकला. पाच मिनिटे झाली तरी कागदावर काही उमटले नाही. मग पाळी दोन काचांमध्ये दाबून त्यांनी तिच्यातील रक्त बाजूला सारले. आता अवघ्या वीस सेकंदांत कागद काळा पडला. रक्तातील तांबडे द्रव्य निळा प्रकाश वाटेतच पिऊन टाकीत होते. तेव्हापासून त्यांच्या उपचारात स्फटिकाची एक लहानशी चकती आली. तिच्यातून थंड पाणी खेळवलेले असे आणि ती रोग्याच्या त्वचेवर घट्ट दाबून धरली जाई. त्या दाबाने तेथील रक्त हटे आणि प्रकाशाला खोल जाण्यास वाट मिळे.

डेन्मार्कच्या आभाळावर विसंबून उपचार करणे शक्य नव्हते. कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटवणारा विजेचा प्रखर दिवा हवा होता, आणि तो फिन्सन यांच्याजवळ कोठून असणार? कोपनहेगनच्या वीज केंद्राने त्यांना जागा व वीज दिली. नोव्हेंबर १८९५ मध्ये तेथेच पहिला रोगी त्यांच्यासमोर बसला. मोगेन्सन नावाचा हा अभियंता चेहऱ्यावर अनेक वर्षे ल्युपस बाळगून होता. शस्त्रक्रिया करून करून तो थकला होता. दररोज, तासन् तास, त्याच्या गालाच्या एका इवल्याशा भागावर प्रकाश टाकला जाई. तो भाग लाल होई, फुगे, त्यावर खपली धरे आणि खपली पडली की खाली मऊ, निरोगी त्वचा दिसे. दुसऱ्या दिवशी शेजारचा भाग. असे करीत काही महिन्यांत त्याचा रोग हटला. चाकू लागला नाही, आग लागली नाही.

१८९६ साली, हागेमान व यॉर्गेन्सन या दोन उद्योजकांच्या देणग्या आणि नगरपालिका व सरकार यांचे साहाय्य यांच्या बळावर, कोपनहेगनमध्ये फिन्सन प्रकाश-चिकित्सा संस्था सुरू झाली. छताला टांगलेल्या एका दिव्याभोवती चार दुर्बिणीसारख्या नळ्या, प्रत्येक नळीखाली एक रोगी पडून, आणि प्रत्येक रोग्याशेजारी एक परिचारिका. सोसायला रोग्यापाशी आणि हात स्थिर ठेवायला परिचारिकेपाशी सारखाच धीर असावा लागे. एका बैठकीस तासाहून अधिक वेळ लागे आणि तेवढ्यात एखाद्या नाण्याएवढा भाग उजळून निघे. पूर्ण चेहरा बरा होण्यास महिने, कधी वर्षे लागत. या परिचारिकांची नावे इतिहासाने जपली नाहीत. पण चकती दाबून धरणारे त्यांचे बोट ढळले असते, तर नोबेल पारितोषिकाची वेळच आली नसती. १९०१ सालापर्यंत आठशेच्या घरात ल्युपसचे रोगी या संस्थेत उपचार घेऊन गेले आणि त्यांतील बहुतांश बरे झाले. बुरखा घालून आलेली स्त्री उघड्या चेहऱ्याने घरी परते, तेव्हा तिच्या गावात या उपचाराविषयी वेगळी जाहिरात करावी लागत नसे. डेन्मार्कच्या राजघराण्यातून इंग्लंडची सून झालेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० साली लंडन हॉस्पिटलला असा दिवा भेट दिला; रुग्णालयाच्या आवारातील त्यांच्या पुतळ्याखाली त्या दिव्याखालील रोग्यांचे दृश्य आजही कोरलेले आहे.

या प्रकाशाने नेमके काय केले, याविषयी स्वतः फिन्सन यांची समजूत पूर्ण नव्हती. किरण थेट जिवाणूंना मारतात, असे ते प्रथम मानत. पुढे त्वचेत उठणाऱ्या दाहालाही त्यांनी महत्त्व दिले. त्यांच्यामागून शंभर वर्षांनी, २००५ साली, डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे व गाळणी काढून तपासली. ज्या आखूड अतिनील किरणांनी जिवाणू सहज मरतात, ते त्या भिंगांतून बाहेर पडतच नव्हते. ३४० नॅनोमीटरहून आखूड लहरी वाटेतच अडत होत्या. मग रोगी बरे झाले कसे? क्षयाच्या जिवाणूच्या पोटात पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. निळा-जांभळा प्रकाश पडताच ती चेतवली जातात, त्यांच्याजवळचा प्राणवायू अतिशय तिखट रूप धारण करतो आणि जिवाणू आपल्याच द्रव्याने आतून जळतो, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. कारण वेगळे निघाले, रोगी मात्र खरोखरच बरे झालेले होते.

फिन्सन यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने पुढे पुष्कळ जण गेले. त्यांचे साहाय्यक आक्सेल रेन यांनी एका रोग्यापुरता लहान दिवा घडवला. स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे रोलिये यांनी १९०३ पासून हाडांच्या क्षयाच्या मुलांना पर्वतावरील उन्हात निजवले. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांची मऊ हाडे अतिनील दिव्याने घट्ट होतात, हे क्ष-किरणांच्या चित्रांनी दाखवले. मग उन्हाचे खूळही आले, आणि अति उन्हाने पेशींच्या गाभ्यातील गुणसूत्रे दुखावून त्वचेचा कर्करोग होतो, हे ज्ञान त्याच्या मागोमाग आले. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात नवजात अर्भकांना बागेत नेणाऱ्या परिचारिका जीन वॉर्ड यांनी पाहिले, की काविळीने पिवळ्या पडलेल्या एका बाळाचा उन्हातला भाग निवळला, दुपट्याखाली झाकलेला भाग तसाच पिवळा राहिला. फिन्सन यांच्या हातावरील शाईचा पट्टाच जणू पुन्हा उमटला होता. आज आपल्याकडील तालुक्याच्या गावीही नवजात बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलेले दिसते, ते या निरीक्षणातून. १९६७च्या सुमारास बुडापेस्टच्या एन्द्रे मेश्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर मंद लाल लेसर टाकला, तेव्हा तेथे केस लवकर उगवले. त्यातून लाल प्रकाशाने जखमा भरतात का, हा शोध सुरू झाला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतील एक प्रथिन लाल प्रकाश शोषते, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. त्या शोधातील काही निष्कर्ष पक्के आहेत, काही अजून वादाचे आहेत, आणि बाजारातील दिव्यांच्या जाहिराती दोहोंच्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत. आपल्या देशात कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसण्याची रीत या साऱ्यांहून जुनी आहे. बावचीतील द्रव्यावर अतिनील किरण पडले की त्वचेतील रंगपेशी जाग्या होतात, हे आधुनिक त्वचाशास्त्राने मान्य केले आहे.

इकडे संस्थेची कीर्ती वाढत होती आणि तिचा संस्थापक खंगत होता. त्यांचा रोग छातीत आणि पोटात होता. त्यांच्या दिव्याचा किरण तेथवर पोहोचणारा नव्हता. पोटातील पाणी पुन्हा पुन्हा सुईने काढावे लागे. शेवटची वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. घरी दुःखही झाले होते; पहिले मूल जन्माच्या दुसऱ्याच दिवशी गेले. पुढची तीन मुले मात्र जगली. या अवस्थेत त्यांनी जे आरंभले ते विलक्षण आहे. आपण खातो काय, पितो किती, शरीराबाहेर पाणी व मीठ किती पडते, याच्या रोजच्या नोंदी ते ठेवू लागले. प्रत्येक घोट मोजला जाई, प्रत्येक घास तोलला जाई. त्यांतून त्यांना दिसले, की शरीरात मीठ साठते आणि त्याबरोबर पाणी अडकून राहते. त्यांनी मीठ व पाणी दोन्ही कमी केले आणि त्यांना काही काळ आराम पडला. जलोदराच्या रोग्याला डॉक्टर आज मीठ वर्ज्य करावयास सांगतात. फिन्सन यांनी ते स्वतःच्या ताटावर शोधले.

१९०३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले डॅनिश नागरिक. त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या पारितोषिकात मेरी व पिएर क्युरी यांचा वाटा होता, आणि तेही प्रकृतीमुळे डिसेंबरातील समारंभास येऊ शकले नाहीत. फिन्सन यांच्या बाबतीत स्टॉकहोमच्या प्रवासाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पारितोषिकाच्या रकमेचा मोठा वाटा त्यांनी आपल्या संस्थेस आणि हृदय व यकृत यांच्या रोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामास देऊन टाकला. स्वतःला जो रोग बरा करता आला नाही, त्या रोगाच्या माणसांची सोय त्यांनी करून ठेवली.

१९०४ मध्ये शरीरात साठणाऱ्या मिठाविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील रोगी ते स्वतःच होते. २४ सप्टेंबर १९०४ रोजी कोपनहेगन येथे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेतील दिवे त्यानंतर कित्येक वर्षे जळत राहिले. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागून क्षयावरील इतर औषधे आली, तेव्हा त्वचेचा क्षय गोळ्यांनी आणि सुईने बरा होऊ लागला आणि त्या दिव्यांचे काम सरले.

कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटल या मोठ्या रुग्णालयाजवळ १९०९ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार रुडॉल्फ टेग्नर यांनी त्यात फिन्सन यांचा चेहरा घडवला नाही. मध्ये एक पुरुष उभा आहे, दोन बाजूंना गुडघे टेकलेल्या दोन स्त्रिया; तिघांच्याही अंगावर वस्त्र नाही आणि तिघेही आकाशाकडे झेपावत आहेत.